एक फोन, एकतीस पोरं आणि एक अल्बम: वर्गात फोटो शेअरिंग कसं वापरायचं

फोटो काढायला दोन सेकंद लागतात. त्याच्याखाली दोन ओळी लिहायला आमच्या पोरांना अख्खा तास लागतो, आणि मी खाली जे काही सांगणारे ते जवळजवळ सगळं त्या तासाबद्दल आहे. "वर्गात फोटो वापरा" म्हटलं की एरवी काय होतं, तर कार्यक्रमाचे पन्नास फोटो ग्रुपवर पडतात, चार अंगठे येतात, दोन हात जोडलेले येतात आणि विषय संपला. वरिष्ठांना दाखवायला ते ठीकच आहे, पण पोरांच्या हाताला त्यातनं काही लागत नाही.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली. सहावी-सातवी मिळून एकतीस पोरं, माझा एक फोन, आणि लोकवर्गणीतनं घेतलेला एक टीव्ही. एवढ्यात हे सगळं बसतं. नेट नसलं तरी अर्धं काम होतं, फोटो काढायचे, लिहायचं वहीत, आणि संध्याकाळी रेंजमध्ये आलं की चढवायचं.

कुठलं टूल कशाला

तीनच पुरेत, जास्त घेऊ नका, पासवर्ड लक्षात राहत नाहीत.

वर्गाचा आपला आतला अल्बम गुगल फोटोजवर. पूर्वी तिथं कितीही फोटो फुकट बसायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं, आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. साध्या फोनचा फोटो तीन-चार एमबी धरला तर चार-पाच हजार फोटो होतात, म्हणजे वर्षभराला चिक्कार, फक्त व्हिडिओ टाकत सुटू नका. आणि वर्गासाठी वेगळं जीमेल खातं काढा हो, मी पहिल्या वर्षी माझ्याच खात्यावर केलं आणि टीव्हीवर अल्बम उघडताना घरच्या लग्नातला माझा पंगतीतला फोटो आला, पोरं आठवडाभर हसत होती.

जगाला द्यायचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियावाल्यांचा सगळ्यांना खुला फोटोसाठा), त्याबद्दल शेवटी. आणि दुसऱ्यांचे फोटो बघायला कॉमन्सच, शिवाय फ्लिकर. फ्लिकर ही फोटो शेअर करायची साइट २००४ सालची, म्हणजे ह्या धंद्यातली म्हातारी. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपले जुने तीनेक हजार फोटो तिथं टाकले आणि लोकांना सांगितलं की तुम्हाला ह्यात काय ओळखू येतंय ते लिहा, आणि लोकांनी खरंच गावं, इमारती, माणसं ओळखून दिली. मला ही कल्पना फार आवडते, कारण आपल्या गावात पण हेच करता येतं, ते पुढं सांगते.

इन्स्टाग्राम नको. तिथं खातं काढायला वय १३ लागतं आणि आपली सहावीची पोरं अकरा-बारा वर्षांची. त्यांच्या नावानं कुठंच खाती काढायची नाहीत, सगळं वर्गाच्या एका खात्यावरनं.

आधी पालक, मग कॅमेरा

ही पायरी मी पहिल्या वर्षी गाळली होती आणि फटका बसला. अल्बमची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकली, तिथनं ती कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर पाठवली, तिथनं आणखी कुठं, आणि महिन्याभरानं चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, "गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप", आणि खाली आमच्या वर्गातली चार पोरं खिचडी खाताना. त्यातल्या एकाच्या बापाची बारा एकर बागायत. तो सकाळी सकाळी शाळेत आला, गाडीवरनं न उतरताच म्हणाला, "बाई, आम्ही काय गरीब हाय का?" काय बोलणार. फ्लेक्स उतरवायला दोन दिवस गेले आणि त्या पोराला पुढं वर्षभर "होतकरू" हे नाव पडलं.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या पालकसभेत मी टीव्हीवर अल्बम उघडून दाखवते, मग कागद देते. कागदावर तीनच प्रश्न: फोटो वर्गात वापरू का, पालकांना दिसणाऱ्या अल्बममध्ये टाकू का, सगळ्या जगाला दिसेल असा टाकू का. प्रत्येकापुढं हो किंवा नाही आणि सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. हे नुसतं सभ्यतेचं नाही, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरलाय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलंय. सहीचा कागद फाईलला लावून ठेवा.

कुणी नाही म्हणालं तर त्या पोराला बाजूला बसवायचं नाही. त्याला कॅमेरा द्यायचा. फोटो काढणारा फोटोत नसतो, प्रश्नच मिटला. आणि आमचा एक साधा नियम झालाय, चेहरे शक्यतो नकोतच. हात, पाय, पाठ, सावली, वस्तू. गंमत म्हणजे चेहरे काढून टाकले की फोटो बरे येतात, नाहीतर सगळे एका ओळीत ताठ उभे राहून दोन बोटं दाखवतात.

अल्बम बनवताना

गुगल फोटोज उघडायचं, अधिकच्या खुणेवर जाऊन नवा अल्बम घ्यायचा, नाव द्यायचं. नाव नीट द्या, "शाळा" "शाळा २" असं नको, "विहीर २०२५-२६" असं. फोटो टाकले की शेअर दाबायचं, आणि लगेच अल्बमच्या सेटिंगमध्ये जायचं, बटणांच्या जागा अपडेटनंतर हलतात पण तिथं चार गोष्टी शोधा. लिंकवरनं कुणालाही दिसावं का, ते बंद, आणि ज्यांना दाखवायचंय त्यांचे जीमेल एकेक करून घाला, कंटाळवाणं आहे पण फ्लेक्स आठवा. दुसऱ्यांना फोटो टाकू द्यायचे का, हे फक्त दुसऱ्या शाळेबरोबर काम असेल तेव्हा चालू. कमेंट चालू ठेवा, त्याचा उपयोग आहे. आणि फोटोचं लोकेशन दाखवायचं का, ते बंद.

एक ध्यानात ठेवा, व्हॉट्सअॅपवरनं आलेल्या फोटोची काढल्याची तारीख गळून पडते आणि फोटो दाबला जाऊन बारीक होतो. मग अल्बममध्ये तारखेप्रमाणं लावायला गेलं की सगळा क्रम विस्कटतो. कुणाकडनं फोटो मागवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसा पाठवला की जसाच्या तसा येतो.

फोटोच्या पोटात काय असतं

हा पंधरा मिनिटांचा धडा पहिल्याच आठवड्यात घ्या. टीव्हीला फोन जोडायचा, शाळेच्या पटांगणातला फोटो उघडायचा आणि बोटानं वर सरकवायचा. खाली तारीख येते, वेळ येते, कुठल्या फोननं काढला ते येतं, आणि लोकेशन चालू असेल तर चक्क नकाशावर टिंब. आमच्या पोरांनी ते टिंब बघितलं आणि एकदम शांत झाली, मग मागच्या बाकावरनं आवाज आला, "बाई, म्हंजे घरात काढला तर घर कळतंय?" हो बाबा, तेच सांगायचं होतं. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन कसं बंद करायचं ते दोघा-तिघांकडनं करून घ्यायचं. ती घरी जाऊन आईबापाचे फोन दुरुस्त करतात, माझ्या अनुभवानं पालकसभेपेक्षा हे लवकर पोचतं.

पहिलं काम: वर्षभर एकच चौकट

सुरुवात ह्यानं करा, सोपं आहे आणि चुकायला वाव नाही. गावातली एक जागा निवडायची, आमची सार्वजनिक विहीर. कठड्याच्या बाहेर नीट उभं राहता येईल अशी जागा बघितली आणि तिथं फरशीवर ऑइलपेंटनं दोन पावलं रंगवली. दर सोमवारी परिपाठ झाला की दोघांची जोडी आणि मी, त्या पावलांवर उभं राहायचं, समोरच्या पायऱ्या पूर्ण दिसतील असा फोन आडवा धरायचा, एक फोटो. झूम करायचा नाही, कोन बदलायचा नाही. विहिरीजवळ पोरं एकटी पाठवायची नाहीत हे वेगळं सांगायला नको.

वर्गात आल्यावर पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतात ते मोजून वहीत. महिनाभर पोरांना हे येडेपणाचं वाटतं. ऑगस्टपर्यंत आठ-दहा फोटो झाले की टीव्हीवर पटापट सरकवून दाखवा, पाणी चढताना दिसतं. आमच्याकडं पाऊस उशिरा येतो त्यामुळं खरी उडी सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबरनंतर पायऱ्या उघड्या पडायला लागतात, मग आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेत आठवडा, उभ्या रेषेत पायऱ्या, आणि गणिताचा धडा आपोआप होतो. एका आठवड्यात एकदम तीन पायऱ्या उतरल्या तेव्हा "का" हे विचारायला मला तोंड उघडावं लागलं नाही, पोरंच शेजारच्या मळ्यात नवी मोटर बसलीय का ते बघून आली. (बसली होती. त्यावरनं गावात थोडं झालं, पण ते जाऊ दे.)

विहीर नसेल तर झाड घ्या. पळस किंवा बहावा घ्या, पानं झडणं, फुलणं, शेंगा, सगळं ठळक दिसतं. वडाचा फोटो वर्षभर काढून फार काही हाताला लागत नाही.

दुसरं काम: ओळखा पाहू, दुसऱ्या शाळेबरोबर

माझी डीएडची मैत्रीण कोकणात शिकवते. दोघींनी एक अल्बम केला, दोन्हीकडनं फोटो टाकायची मुभा. आठवड्याला एक फोटो त्यांचा, एक आमचा, वस्तूचा अगदी जवळनं काढलेला, पूर्ण वस्तू दिसता कामा नये. समोरच्या वर्गानं कमेंटमध्ये तीन अंदाज लिहायचे, प्रत्येक अंदाजाला कारण पाहिजे. तीन दिवसांनी पूर्ण वस्तूचा फोटो आणि ती कशाला वापरतात ते पाच ओळीत.

आम्ही पाभरीचं चाडं (पेरणीच्या अवजारावरचं बी सोडायचं लाकडी भांडं) पाठवलं, वरनं, नुसती भोकं दिसतील असं. तिकडनं उत्तर आलं, "इडलीचं भांडं का? पण लाकडाचं कसं?" त्यांनी इरलं पाठवलं, आतली विण दिसेल असं. आमच्याकडं पाऊसच बेताचा, इरलं कुणी बघितलेलंच नव्हतं, तीन गटांनी कोंबड्यांचं डालगं लिहिलं आणि एकानं कासवाची पाठ. मग कळलं की हे डोक्यावरनं पाठीवर घेऊन भाताची लावणी करतात. ते वाचून एकजण म्हणाला, "बाई, तिकडं एवढा पाऊस पडतो की वाकून काम करताना पाठीला छत्री लागते." मला भूगोलाचा तो पाठ पुन्हा शिकवावा लागला नाही.

इथं अंदाजापेक्षा कारण महत्त्वाचं. "मला वाटतं म्हणून" हे उत्तर बाद. भोकं आहेत म्हणून, लाकूड झिजलंय म्हणून, कडेला माती आहे म्हणून, असं फोटोवर बोट ठेवून सांगायचं.

तिसरं काम, आणि माझं आवडतं: आजीचा फोटो

मूळ बेत होता जुने फोटो गोळा करायचा. घरोघरचे फोटो फोननं काढायचे (काचेवर चमक येते, म्हणून खिडकीशेजारी, फ्लॅश बंद, फोन सरळ वर धरून, नाहीतर गुगलचं फोटोस्कॅन अॅप आहे ते चार कोपरे टिपून चमक काढतं), अल्बममध्ये टाकायचे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ओळखायला लावायचं, ते वर फ्लिकरचं सांगितलं तसं. लग्नाचे फोटो आले, यात्रेचे आले. मी सांगितलं १९७२ च्या दुष्काळाचा एखादा शोधा. एक पोरगी दुसऱ्या दिवशी रिकामी आली. आजी म्हणाली होती, "आमचं कुठलं गं फोटू, भाकरीची पंचाईत हुती."

मग आम्ही बेतच बदलला. ज्या गोष्टीचा फोटो नाही तिचं आज काय उरलंय ते शोधा. त्या पोरीनं आजीच्या हाताचा फोटो काढून आणला. खाली ओळ लिहिली, "हे माझ्या आजीचे हात आहेत." मी म्हटलं, ते तर दिसतंयच. जे फोटोत दिसत नाही ते लिही. दुसऱ्या दिवशी: "माझ्या आजीचे हात खूप कष्टाळू आहेत. तिने खूप कष्ट केले." म्हटलं, हे वर्गातल्या कुठल्याही आजीला चालेल, तुझ्या आजीचंच काय आहे? ती रुसली थोडी. पण तिसऱ्या दिवशी वहीत हे होतं:

"आजीचं करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे. बहात्तर साली तळ्याच्या कामावर खडी फोडताना हातोडा बसला. दवाखाना लांब होता म्हणून तिने लुगड्याची चिंधी बांधली आणि दुपारी परत कामावर बसली कारण सुकडी कामावरच मिळायची."

शब्द मोजले तर चाळीसही नाहीत. मी त्यात काही बदललं नाही, फक्त अल्बममध्ये दोन फोटोंच्या मधे मजकूर टाकायची सोय आहे तिथं टाईप केलं.

तर ओळी लिहून घेण्याची पद्धत म्हणाल तर एवढीच: आधी वहीत, फोनवर नाही. पहिल्या खर्ड्यात जे दिसतंय ते लिहून टाकायचं. दुसऱ्यात ते खोडून जे दिसत नाही ते लिहायचं. तिसऱ्यात "खूप", "सुंदर", "छान", "अतिशय" हे शब्द खोडायचे आणि त्या जागी आकडा, नाव किंवा वस्तू टाकायची. हाताचा फोटो काढताना आजीला विचारलं होतं का, हे पण विचारा. विचारलं होतं, आणि आजी आधी हात धुऊन आली होती.

पाच फोटोंची गोष्ट

मराठीच्या तासाला, पाऊस असला आणि बाहेर जाता येत नसलं की हे. अल्बममधनं डोळे झाकून पाच फोटो उचलायचे, गटाला द्यायचे, ह्याच क्रमानं गोष्ट लिहा. मग क्रम उलटा करून तीच गोष्ट. ओढ्यात पडलेली एक चप्पल पहिल्या फोटोत असली तर भुताची गोष्ट होते आणि शेवटच्या फोटोत असली तर रडवणारी. बाकी जास्त सांगण्यासारखं नाही, करून बघा.

दुसऱ्यांचे फोटो वर्गात आणताना

गुगलवर आलेला फोटो म्हणजे फुकटचा फोटो नव्हे, हे आपल्या शिक्षकांनाच आधी कळायला पाहिजे. भारतात फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. वर्गात शिकवताना वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तोच फोटो शाळेच्या पेजवर किंवा यूट्यूबवर टाकला की गोष्ट वेगळी. म्हणून पहिल्यापासूनच मोकळ्या परवान्याचे शोधा: गुगल इमेजेसमध्ये टूल्स मध्ये वापराच्या हक्कांचा पर्याय असतो तिथं क्रिएटिव्ह कॉमन्स (ठरलेल्या अटींवर फोटो वापरू देणारे परवाने) निवडा, फ्लिकरवर पण परवान्याची चाळणी आहे, कॉमन्सवर तर सगळेच मोकळे. खाली तीन गोष्टी लिहायची सवय लावा, फोटो कुणाचा, कुठून घेतला, परवाना कुठला. पोरांच्या फोटोखाली पण काढणाऱ्याचं पहिलं नाव येतंच, त्यामुळं त्यांना ते लगेच पटतं.

इतिहासाला ह्याचा फार उपयोग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. जिंजीला आमच्यातलं कोण जाणारे? पण कॉमन्सवर शोधलं की भरपूर फोटो. एक फोटो टीव्हीवर लावायचा आणि तीन प्रश्न, ह्याच क्रमानं: काय दिसतंय, त्यावरनं काय वाटतंय, काय विचारावंसं वाटतंय. हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रोजेक्ट झीरो ह्या शिक्षण-संशोधन गटाची ही पद्धत. पहिल्या प्रश्नाला घाई करू नका, पाच मिनिटं नुसतं "काय दिसतंय"च चालू द्या. लोहगडाचा विंचूकाटा (किल्ल्यातनं पुढं गेलेली माची) वरनं काढलेला दाखवला तेव्हा पहिली दोन मिनिटं "डोंगर, गवत, भिंत", आणि मग एकीनं विचारलं की एवढ्या चिंचोळ्या जागेवर दोन्ही बाजूनं भिंत का बांधली असेल. तिथनं अर्धा तास.

कॉमन्सवर टाकताना

वर्षातनं दोन-तीनच फोटो, पण ते जगासाठी. आमच्या शिवारातल्या वीरगळाचा (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) फोटो आंतरजालावर कुठंच नव्हता. वर्गाच्या खात्याची जबाबदारी मी घेतली, अपलोड विझार्डमध्ये फोटो दिला, "स्वतःचं काम" निवडलं, परवाना सीसी बाय-एसए ४.०, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटीवर कुणीही, अगदी धंद्यासाठी पण वापरू शकतो. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून माणसांचे, पोरांचे फोटो इथं अजिबात नको. फाईलचं नाव मोबाईलनं दिलेलं ठेवू नका, गाव-तालुका-वस्तू असं द्या. वर्णन मराठीत चालतं, आणि ते पोरांनीच लिहायचं, वरची तीन खर्ड्यांची पद्धत. वर्ग म्हणजे कॅटेगरी शोधून लावा, नाहीतर कोट्यवधी फाईलींच्या त्या ढिगात तो कुणाला सापडणार नाही.

मग मराठी विकिपीडियावर (ते सुरू झालं १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी) वीरगळाचा लेख काढून पोरांना दाखवा की असले फोटो तिथं कसे वापरलेले असतात.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये गुगल टेकआउटमधनं सगळे अल्बम उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर एक आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर एक. बदली झाली, पासवर्ड गेला, फोन पडला, काहीही होतं. अल्बमचे फोटो खात्यातनं उडवले की ते शेअर केलेल्या अल्बममधनं पण जातात, म्हणून जागा करायच्या नादात आधी उडवून बसू नका. ज्या पालकांनी मधेच नाही म्हटलं त्यांच्या पोरांचे फोटो काढून टाका. सातवीच्या पोरांना दाखल्याबरोबर त्यांनी स्वतः काढलेले फोटो द्या, नसेल पेनड्राइव्ह तर निदान एकाची प्रिंट.

आणि विहिरीपाशी जाऊन पावलं बघून या. आमची उन्हानं पार उडालीत, डावं पाऊल तर शोधावं लागतंय, आणि उजव्यावर कुणीतरी खताची पोती रचून ठेवलीत. शाळा उघडायच्या आत पोती हलवायला सांगून परत रंगवायचीत.